स्टुलाच्या खुणा

सकाळचे साडेसात. गावाबाहेरचा माळ, समोर टेकडी. या माळावर एकदा एक शिष्या निसर्गचित्र पुरं करत बसली होती. तिचे गुरू, एक वृद्ध चित्रकार, बरेच मागे बसले होते. त्यांना आता चालवत नाही, असं ती समजत होती.

गावच्या प्रदर्शनाचा विषय होता 'आपली टेकडी'. चित्रं दुपारी बारापर्यंतच घेणार होते. नोकरी सांभाळून ती आठ रविवार इथे आली होती. आपलं एक तरी चित्र भिंतीवर लागलेलं तिला पाहायचं होतं.

वृद्ध उठले. सत्तर पावलं सहज चालत आले. रुंद ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवला आणि तिच्या टेकडीवरून सरळ फिरवला. माथा गेला, हिरवा उतार गेला.

"मास्तर! अहो, काय केलंत हे? बारा वाजता द्यायचंय!"

"टेकडी चुकली आहे."

"चुकली? मोजून काढलीय!" तिने हात ताठ केला, एक डोळा मिटला, पेन्सिल उभी धरली. पहिल्या रविवारी टेकडीच्या उंचीची खूण तिने पेन्सिलीवर कोरली होती. "बघा. तंतोतंत!"

"ऊठ. मागे बघ."

मागे मातीत स्टुलाच्या पायांची भोकं होती. आठ ठिकाणी, एका ओळीत, टेकडीच्या दिशेने सरकत आलेली.

ती ओशाळली. "टेकडी खुणेपर्यंत पोचेना. वाटलं, माझाच हात वाकतोय. म्हणून दर वेळी थोडी पुढे यायचे."

"हाताला दोष दिलास, जागा बदललीस, टेकडीबद्दल मात्र शंका आली नाही. अगं, पलीकडून ती खोदताहेत! डाव्या अंगाला ताजा मुरूम उघडा पडला, तेव्हा गेरूत पिवळी माती मिसळून तू तो रंग केलास. गुणगुणत होतीस. इतकं खूश तुला मी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यावर हिरवा चढवलास. का?"

"प्रदर्शनात खड्डा कोण लावतं, मास्तर?"

"मग इथवर कशाला आलीस? हिरवा रंग घरी डब्यातही होता. जे पाहून आनंद झाला तेच झाकायचं, तर डोळे काय शोभेला आहेत?"

तिला भयंकर राग आला. गुरूंचा की स्वतःचा, ते कळेना. तिने स्टूल उचललं, तरातरा मागे गेली आणि त्याचे पाय पहिल्या भोकांत रोवले. पेन्सिल धरली. माथा खुणेच्या दोन बोटं खाली राहिला. तेवढाच तिने काढला. मग गेरूत पिवळी माती मिसळली. रंग असा काही उजळला की तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी संताप आला. इतक्या सुंदर रंगाने असल्या जागी का यावं?

बाराला दहा मिनिटं असताना तिने ओलं चित्र प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवलं.

चित्र भिंतीवर लागलं. खाली परीक्षकांचा शेरा होता: 'रंग उत्तम. टेकडीची उंची कमी पडली आहे.'

ती दोन बोटं कोणी नेली, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.