पहिल्या पानाचा पंडित

जीव तोडून कष्ट करणाऱ्याला आपण आळशी म्हटले, तर त्याने कोणाकडे दाद मागावी?

एकदा एका मठात केरबा नावाचा शिष्य आला. त्याचे वडील गावच्या देवळात पोथी वाचत. ते गेले आणि ती बैठक रिकामी पडली. मुलाने तिथे बसावे, एवढीच त्याच्या आईची इच्छा होती.

मठाची रीत कडक होती. वाचताना जो अडखळेल, त्याने अध्याय आरंभापासून वाचायचा. शिकवण्याचे काम थोरल्या शिष्याकडे होते. वर्ष सरले, तरी केरबाचे पहिले पान काही उलटेना. काल ओळखलेले अक्षर आज त्याला परके वाटे.

“या, पहिल्या पानाचे पंडित!” मठातली इतर मुले हसत. थोरला शिष्यही हसे. एके दिवशी तो वैतागून म्हणाला, “केरबा, तुला शिकायचंच नाही. जा घरी.”

केरबाने गाठोडे बांधले आणि तो निघून गेला.

संध्याकाळी वृद्ध गुरूंनी थोरल्या शिष्याला समोर बसवले आणि पोथी उलटी करून त्याच्या पुढ्यात ठेवली. “वाच. फिरवायची नाही.”

अशी परीक्षा कशासाठी, हे त्याला कळेना. तो वाचू लागला आणि दुसऱ्याच ओळीत अडखळला.

“आरंभापासून,” गुरू म्हणाले.

मुले खुसखुसली. त्याचे कान तापले. तिसऱ्यांदा ‘आरंभापासून’ ऐकल्यावर तो वाचायचा थांबला.

“कथा काय होती, बाळ?”

“नाही सांगता येत, गुरुजी. सगळा जीव अक्षरांतच अडकला होता.”

“तू आळस केलास का?”

“नाही हो!”

गुरूंनी पोथी सरळ केली. “तुझ्यासाठी ही अशी फिरवता येते. केरबासाठी कोण फिरवणार? त्याची नजर चांगली, बुद्धी चांगली. पण अक्षर आणि उच्चार यांची गाठ त्याच्या मनात लवकर बसत नाही. त्याला वेगळ्या रीतीनं शिकवायचं होतं. बोटानं गिरवून, मोठ्यानं म्हणून, एकेक अक्षर. आपण त्याला नुसतं आरंभाला पाठवत राहिलो. मीही ते पाहत राहिलो. अक्षर उशिरा आलं तरी चालतं, रे. पण ‘मी मठ्ठच आहे’ हे एकदा मनावर कोरलं गेलं, की ते पुसायला फार काळ लागतो.”

थोरल्या शिष्याला वर पाहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केरबाच्या घरी गेला. आई म्हणाली, “पोथीचं नाव काढू नका म्हणतो, महाराज. रात्री जेवलाही नाही.” थोरल्या शिष्याने अंगणातली माती हाताने सारखी केली आणि तिच्यावर एकच अक्षर मोठे काढले. केरबा दाराशी आला, त्याने त्या अक्षराकडे पाहिले आणि तो पुन्हा आत गेला. थोरला शिष्य ऊन चढेपर्यंत तिथेच बसून होता.