परतीचं पाणी

“मग या दोघांत दुबळा कोण, बाबा?”

कोनेरपंतांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. बुढणबाबा रांजण घासत होते. त्यांनी काथ्याची जुडी पाण्यात बुचकळली आणि पुन्हा रांजणात हात घातला.

खिंडीत धुकं होतं. नवरात्राच्या दिवसांत तिथली सकाळ अशीच असते. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, त्याचा खोकला मात्र ऐकू येतो. त्या पांढऱ्यात बाबांची पाणपोई जमिनीला टेकलेली आहे की नाही, हेही नीट कळायचं नाही. बाबा फकीर माणूस. चाळीस वर्षं तिथंच राहत होते. येईल त्याला पाणी पाजत होते, मग तो वाणी असो, नवरीकडचं वऱ्हाड असो, नाहीतर फौज असो.

कोनेरपंत त्यांचे जुने शिष्य. तरुणपणी चार वर्षं याच खिंडीत राहून त्यांनी बाबांकडून फारसी घोटली होती. आता ते करंजगडच्या दरबारात दफ्तरदार होते. हुशार माणसाला मान मिळाला की तो जेवढा फुगतो, तेवढे फुगलेही होते.

महाराजांनी त्यांच्यावर एकच काम सोपवलं होतं. आसपासच्या दौलतींचं बळ मोजायचं आणि त्यांचा क्रम लावायचा. पंतांनी त्यात सहा वर्षं घातली. घोडी मोजली, तोफा मोजल्या, किल्ल्यांच्या तटांवरून दोऱ्या सोडल्या. कोणाचे हत्ती म्हातारे झाले, कोणाची दारू पावसात भिजली, कोणाच्या तलवारी म्यानातच गंजल्या, सगळं तोंडपाठ. एवढं डोक्यात घेऊन हा माणूस झोपतो कसा, देव जाणे.

यादीत पहिलं करंजगड. ते तर लिहायच्या आधीच ठरलेलं होतं. दुसरं नागदुर्ग. पुढं मात्र घोडं अडलं होतं. सोनवली आणि देवकुंड, दोन्ही सारखीच. माणसं सारखी, घोडी सारखी, तोफासुद्धा अकरा आणि अकरा.

आणि शेवटच्या नावावरच सगळं अवलंबून होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज याच खिंडीतून निघणार, आणि यादीत जो शेवटी असेल त्याच्यावर जाणार. दसरा आठ दिवसांवर आला होता. पंतांचा एकुलता एक मुलगा निळो यंदा पहिल्यांदाच फौजेत चालला होता, तोही आघाडीला. ती जागा पंतांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती. शत्रू खरोखरचा दुबळा निवडला तर पोरगा सुखरूप घरी येईल, एवढंच त्यांना कळत होतं. म्हणून ते शेवटचं नाव चुकून चालणार नव्हतं.

“चारही दौलतींच्या फौजा तुम्ही पाहिल्यात,” ते म्हणाले. “जाताना पाहिल्यात, येताना पाहिल्यात. तुमच्याएवढं कोणाला ठाऊक?”

बाबांनी रांजण पालथा घातला.

“मागं जा. झाडं बघून ये.”

पंत पाणपोईच्या मागं गेले. ते शिकायला होते तेव्हा तिथं नुसता कातळ होता, गवतही कुसळापुरतं. आता तिथं झाडं उभी होती. पुढचं जांभूळ एवढं थोरलं होतं, की वरच्या फांद्या कुठं संपतात आणि धुकं कुठं लागतं ते समजत नव्हतं. पानांवरून थेंब गळत होते. वर कुठंतरी पाखरं बोलत होती, पण दिसत एकही नव्हतं.

पलीकडून बाबांचा आवाज आला. कोणतं झाड कोणाचं, ते त्यांनी तिथूनच सांगितलं. जांभूळ करंजगडचं. त्याच्या मागचा कडुनिंब नागदुर्गचा. कडेला दोन लहान आहेत, त्यातला आवळा सोनवलीचा आणि बकुळ देवकुंडची.

पंतांना आनंदाचं भरतंच आलं. म्हणजे बाबांनीही यादी केली होती तर, आणि ती ओळीनं आपल्यासारखीच! त्यांनी जांभळाच्या बुंध्यावरून हात फिरवला, थोपटलंही. मग खांद्यावरचं उपरणं काढून ते त्या दोन लहान झाडांपाशी गेले. दोन्ही छातीला लागत होती. पंतांनी उपरणं आवळ्याला लावलं, शेंड्यापाशी गाठ मारली. तेच बकुळीला लावलं. दफ्तरात उभा जन्म काढलेला माणूस, डोळ्यांवर कशाला विसंबेल?

ते परत आले ते जवळजवळ धावतच.

“देवकुंड,” ते म्हणाले. “चार बोटांनी देवकुंड कमी आहे.”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. तांब्या भरून त्यांच्या हातात दिला.

पंत बसले. जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे तोंड सैल सुटलं. कातळावर असलं झाड वाढवणं म्हणजे कमाल आहे, खत कोणतं घालता, पाणी कुठलं, असं ते सहज विचारत राहिले.

“पाणी परतीचं,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, ते असं. पंत शिकून गेले त्यानंतर बाबांच्या गुरूंनी पाणपोई बाबांच्या हाती देताना एक नेम घालून दिला होता. फौज जाताना किती रांजण संपले ते लक्षात ठेवायचं. ती वैशाखात परत येते. तेव्हा तेवढेच रांजण भरून ठेवायचे, एकही कमी नाही. जेवढे गेले तेवढे येतील, असंच धरून पाणी भरायचं. बाबा खालच्या झऱ्यावरून कावडीनं पाणी आणत. महिनाभर आधीपासून खांदा लावावा लागे. फौज येई, पिई, निघून जाई. मागं उरलेलं पाणी दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, सांडायचंही नाही. ज्या फौजेचं उरलं, त्या फौजेच्या झाडाला घालायचं. खाली कातळ आहे. वैशाखातलं ते पाणी चुकलं तर झाड तग धरायचं नाही.

पंत ऐकत होते. तांब्या ओठांपर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला.

“पण आम्ही तर दरवर्षी जिंकलो…”

“जिंकलात ना. वाजतगाजत यायचे तुमचे लोक. नौबत ऐकू आली की मी उठून उभा राहायचो.”

“गेल्या वर्षी जाताना किती रांजण लागले?”

“चाळीस.”

“आणि येताना?”

“एकवीस.”

…

एका रांजणात किती माणसांची तहान भागते, हे पंतांना ठाऊक होतं. त्यांनी मनात गुणाकार सुरू केला आणि मध्येच सोडून दिला.

ऊन वर आलं होतं. धुकं हळूहळू खालच्या दरीत उतरत होतं. पंतांनी मान वळवली, तेव्हा जांभूळ आख्खं दिसलं. गर्द, काळंभोर, पान न् पान तुकतुकीत. निळोला जांभळं फार आवडायची. लहान होता तेव्हा जीभ निळी करून घरभर दाखवत हिंडायचा.  त्या झाडाची वाटली इतकी भीती पंतांना कोणत्या तोफेचीही वाटली नव्हती. देवकुंड लिहा नाहीतर सोनवली लिहा, पाणी उरायचंच होतं.

बाबा पुढचा रांजण घासायला घेत होते. भिंतीला टेकून रांजणांची रांग उभी होती. पंतांनी न मोजताही ते किती असतील ते ओळखलं.

त्यांनी कमरेच्या थैलीतून यादी काढली. मांडीवर पसरली. शेवटच्या दोन जागा अजून कोऱ्याच होत्या. महाराज त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. यात दुबळा कोणीच नाही, असं पंतांनी लिहून दिलं, तर यंदा नगारा वाजणार नव्हता. दरबारात हसं झालं असतं, दफ्तरदारीही गेली असती. सहा वर्षं तर गेलीच होती.

त्यांनी त्या कागदाची घडी घातली. आणखी एक घडी घातली.

“बाबा,” ते म्हणाले, “फौज निघालीच नाही तर?”

बाबांचा हात थांबला. ते जांभळाकडे बघत राहिले. बोटाएवढं रोप होतं तेव्हापासून त्यांनी ते वाढवलं होतं. रोज दुपारी ते त्याच्याच सावलीत आडवे होत. वर पाखरांचा कलकलाट चालला होता.

“तर ते वाळेल,” बाबा म्हणाले. “वाळू दे.”