दोन नंदी, एक वृंदावन

फार पूर्वी एका नदीच्या घाटावर एक नावाडीण नाव चालवायची. तिच्या बाजूच्या काठाला चिखल होता. चिखलातच नाव भरायची आणि ढकलायची. एकदा ढकलली की ती सरळ धारेला लागे. नाव किती बुडते, हे पाण्यात गेल्यावरच कळे.

रिकामी नाव जिथवर बुडे, तिथे बाहेरून गेरूची रेघ होती. रेघेच्या वर पंधरा बोटांवर नावेचा काठ. खेप झाली की नावाडीण ओल कुठवर चढली ते बोटांनी मोजून बघायची.

एके सकाळी पाथरवट घाईघाईने आला. मागे त्याची बायको, कडेवर तान्हं. पलीकडे जत्रा भरली होती.

"मावशी, चार नंदी आणि एक तुळशीवृंदावन. वर ही दोघं. एका खेपेत ने."

"एक नंदी नाव किती बुडवतो, दादा?"

"परवा एक नंदी, एक वृंदावन नेलंस, पाच बोटं बुडाली. नंदीची दोन, वृंदावनाची तीन धर. सगळी मिळून अकरा!"

नावाडिणीने मनाशी हिशेब करून पाहिला. नंदीची चार आणि वृंदावनाचं एक धरलं, तरी पाचच होतात. मग मात्र आजची होतील सतरा! मधल्या धारेत पाणी आत येईल.

"आणखी कुठली खेप आठवते का? मला रोजच्या खेपांत लक्षात राहत नाही."

"काल दोन नंदी, दोन वृंदावनं नेलीस. दहा बोटं. झालं समाधान?"

क्षणभर तिला हायसं वाटलं. लगेच चेहरा उतरला. ही तर परवाचीच गोष्ट, फक्त दुप्पट. नवं काहीच कळलं नव्हतं.

"जत्रा उलगेल, मावशी! किती घाबरशील?"

"घाबरले आहेच," ती म्हणाली. बाळ तिच्याकडे बघून हसलं, तशी ती नावेपुढे आडवी उभी राहिली. "आधी दोन नंदी आणि एक वृंदावन नेते. माणूस कुणी नको. दोन-दोनला दहा बुडते, म्हणजे हे दहाच्या आतच राहील."

पाथरवट धुसफुसत काठावर बसला. ती माल उतरवून परतली आणि म्हणाली, "तूच मोज."

त्याने मोजलं. ओल नऊ बोटं चढली होती.

"परवा पाच, आज नऊ. आज जास्त काय होतं?"

"एक नंदी."

"म्हणजे नंदीची चार. पाचातून चार गेली, वृंदावनाचं एक. आता तुझे चार नंदी आणि एक वृंदावन मोज."

पाथरवट बोटं मोजू लागला. सोळा... सतरा. ओलीवर ठेवलेला त्याचा हात काठापर्यंत सरकला आणि काठाच्याही वर गेला. तिथे नाव नव्हतीच, नुसती हवा होती.

त्याने मागे वळून बायकोकडे पाहिलं. मग बाळाला स्वतःच्या कडेवर घेतलं.

उरलेले दोन नंदी नावेत चढवले. बायको बसली. बाळ देताना तो एवढंच म्हणाला, "मावशी, सावकाश ने."

तात्पर्य एवढंच: दोन गोष्टी ठाऊक नसतील, तर दोन वेगळ्या खुणा शोधाव्यात; एकच खूण दुप्पट करून सांगितली म्हणून ती दुसरी होत नाही.