तिसरा पुकारा

“मग माझं चुकलं कुठे, साहेब?”

केतकी दुसऱ्यांदा विचारत होती. आवाज नम्र होता. हनुवटी मात्र वर होती.

मुजावर वकील बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. वय एक्याऐंशी. त्यातली छप्पन्न वर्षं या एकाच तालुक्याच्या कोर्टात गेलेली. कोर्ट उठलं होतं आणि बाररूममध्ये आम्ही तिघेच होतो.

“चुकलं असं मी म्हटलं?”

“म्हटलं नाहीत. पण उत्तरही दिलं नाहीत.”

“कशाचं?”

“मला ज्युनिअर म्हणून घेणार की नाही, याचं.”

ते चहा पिऊ लागले…

केतकी हुपरीकर माझी विद्यार्थिनी. कदाचित शेवटची. मी चौतीस वर्षं कायदा शिकवला, त्यातही दिवाणी प्रक्रिया. निवृत्तीनंतर ही एकटीच घरी यायची, अगदी प्रवेशपरीक्षेच्या तयारीपासून. विद्यापीठात पहिली आली. सुवर्णपदक मिळालं. सनद हातात येऊन पंधरा दिवस झाले होते. शहरातले दोन मोठे वकील तिला घ्यायला तयार होते, पण तिला मुजावरांच्याच हाताखाली शिकायचं होतं. दुसरं काही ती ऐकायला तयार नव्हती.

म्हणून मी तिला घेऊन गेलो होतो.

तेव्हा ते म्हणाले होते, “पदक आणलंयस का? दाखव बघू. खरं सोनं आहे?”

“मुलामा आहे, साहेब.”

“बरं झालं. चोरीची भीती नाही. मंगळवारी कोर्टात ये.”

“काय वाचून येऊ?”

“काही नको. उभी राहा आणि बघ.”

ती सगळं वाचून आली. मंगळवार म्हणजे आजचा.

दावा साधा होता. पद्माक्का पट्टणकुडे ही विधवा बाई मुजावरांची पक्षकार. परसातून गोठ्याकडे जाणारी तिची वाट थोरल्या दिराने भिंत घालून बंद केली होती. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन तिला सगळ्या गल्लीला वळसा घालावा लागे. दिराचं नाव अण्णाप्पा. त्याला समन्स गेलं होतं. आज तो हजर झाला नसता, तर दावा एकतर्फी चालला असता आणि बाईला वाट मिळाल्यासारखीच होती.

“तो हजर नव्हता,” केतकी म्हणाली. “दोन पुकारे झाले होते. शिपायानं दारात उभं राहून खणखणीत नाव घेतलं. ‘अण्णाप्पा पट्टणकुडे, हाजिर हो!’ कोणी आलं नाही. न्यायाधीश म्हणाले, पाच मिनिटं थांबू, मग तिसरा पुकारा करा. पाच मिनिटं, साहेब! पाच मिनिटांत आपण जिंकलो असतो.”

“असतो.”

“आणि तुम्ही उठलात.”

“उठलो.”

“प्रतिवादी शोधायला!”

“पाय अवघडले होते,” मुजावर म्हणाले.

ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

मी ते पाहिलं होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो आणि कोर्टाचं दार उघडं होतं. मुजावर काठी टेकत उठले. “साहेब, मला दोन मिनिटं द्यावीत.” न्यायाधीश तरुण होते. म्हणाले, “मुजावरसाहेब, प्रतिवादी तुमचा नाही.” हे म्हणाले, “माहीत आहे, साहेब.” आणि चालू लागले.

काठीचा आवाज तेवढा येत होता. न्यायाधीशांनी उचललेलं पेन तसंच धरून ठेवलं. गठ्ठे बांधणारा कारकून थांबला. मी पुष्कळ कोर्टं पाहिली आहेत. तसा क्षण नाही पाहिला. अंगावर काटा आला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आताही नीट सांगता येईल असं वाटत नाही.

व्हरांड्यात फेटा बांधलेला एक म्हातारा भाकरीचं फडकं सोडत बसला होता. मुजावरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. यांनी त्याच्या कोपराखाली हात घातला, त्याला उठवलं आणि आत नेलं. पाठीमागे भाकरी बाकावर तशीच राहिली.

आत जाऊन म्हणाले, “साहेब, प्रतिवादी हजर आहे. लिहून घ्यावं.”

तिसरा पुकारा झालाच नाही.

“आणि त्यानं पिशवीतून काय काढलं?” केतकी म्हणाली. “वाटणीपत्र! वडिलांच्या सहीचं. त्यात ती वाट बाईच्या हिश्शात नाही, असं दिसतंय. ते आता कोर्टापुढं आलं. त्याला सरकारी खर्चानं वकील मिळणार. पुढची तारीख दीड महिन्यानं. पद्माक्का दीड महिना भारा घेऊन वळसा घालणार. आणि कदाचित कायमच घालणार!”

“कदाचित.”

“हे तुम्ही केलंत.”

“मी केलं.”

“तुम्ही तिचे वकील आहात, साहेब. त्याचे नव्हे.”

मुजावरांनी बशी खाली ठेवली.

“हे बरोबर बोललीस.”

ती म्हणाली, “उठण्याआधी तुम्ही बाईंच्या कानाशी वाकला होतात. काय विचारलंत?”

“दोन पुकारे झाले तरी तिनं एकदाही दाराकडं बघितलं नाही. पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली होती. मी विचारलं, आक्का, दीर ऐकतात का?”

“मग?”

“म्हणाली, ‘दोन वरसं झाली, ढोल वाजला तरी कळत न्हाई त्यास्नी.’”

“तिला माहीत होतं?”

“मी विचारलं, बोलावू? तुझं नुकसान होईल. नको म्हणालीस तर मी बसून राहतो.”

“आणि?”

“थांबली जरा. पदर सारखा केला. म्हणाली, ‘बलवा.’”

केतकी खिडकीकडे बघू लागली. मग जिद्दीने वळली.

“तिला कायदा कळत नाही. एकतर्फी झालं असतं तरी त्याचं कायमचं नुकसान नव्हतं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो. तीस दिवसांत अर्ज करायचा. सबळ कारण दाखवायचं. बहिरेपण हे सबळ कारणच आहे.”

हे सगळं मी शिकवलेलं. एक शब्द चुकला नव्हता.

“तीस दिवसांत,” मुजावर म्हणाले.

“हो.”

“हे त्याला कोण सांगणार होतं?”

“नोटीस गेली असती.”

“त्याला अक्षर येत नाही. खुणेनं समजावणार कोण होतं?”

“घरातलं कोणी…”

“घरात कोण आहे?”

दोघांचं घर एकच होतं आणि घरात पद्माक्का होती. तिच्याशिवाय कोणी नव्हतं, हे दाव्याच्या पहिल्याच पानावर होतं.

“परतीची एसटीही दोघांना एकच आहे,” मुजावर म्हणाले. “कंडक्टर गावाचं नाव ओरडेल. याला कळायचं नाही. दंडाला धरून तीच उतरवणार त्याला.”

बाहेर शिपाई कोर्टाची दारं लावत होता. कड्या घातल्याचे आवाज आले…

“केतकी.”

“जी.”

“सकाळी तू दारातच उभी होतीस ना?”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

“मग काय बघितलंस?”

मला वाटलं, ती दिवाणी संहितेतलं काहीतरी सांगेल. मनातल्या मनात मी ते शोधूनही ठेवलं होतं.

“सकाळी तो माझ्याकडे आला होता,” ती म्हणाली. “समन्स पुढं केलं. माझा काळा कोट बघून आला असेल. मी वाचलं. म्हटलं, आजोबा, इथं बसा, तुमचं नाव पुकारतील. त्यानं मान हलवली. हसला. बसला.”

“हं.”

“पहिला पुकारा झाला तेव्हा मला वाटलं, येईल. दुसरा झाला. शिपाई त्याच्यापासून चार पावलांवर होता. तो भाकरी सोडत होता. मग त्यानं वर बघितलं… मला बघून पुन्हा हसला.”

“मग?”

“मग मला कळलं.”

“आणि?”

“पाच मिनिटं होती, साहेब.”

तिची हनुवटी आता वर नव्हती. तरीही ती म्हणाली, “पण नियमात असं कुठंही नाही की मी…”

“नाही,” मुजावर म्हणाले. “कुठंही नाही.”

मग ते माझ्याकडे वळले. मी याचीच भीती धरून बसलो होतो.

“मास्तर, तुम्ही कुठं बसला होता?”

“…त्याच्या शेजारी.”

केतकीने माझ्याकडे पाहिलं.

“मी त्याला वेळ विचारली होती,” मी म्हणालो. “त्याच्या हातात घड्याळ होतं. तो नुसता हसला. मला वाटलं, गृहस्थ घुमा आहे. समन्सवरचं नावही मी वाचलं होतं. पुकारा झाला तेव्हा… पक्षकारानं स्वतः हजर व्हायचं असतं, असं आपलं मनात आलं.”

“हेच शिकवत होता?”

“चौतीस वर्षं.”

“वाईट शिकवलं नाहीत,” ते म्हणाले. यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चहाच्या बशीभोवती एक माशी फिरत होती.

शेवटी केतकीने खुर्चीवरची बॅग उचलली. खांद्याला लावली.

“मला कळलं, साहेब. तुम्ही मला घेणार नाही. मी जाते.”

मुजावर उठले. काठी घेतली. मला वाटलं, ते तिला निरोप द्यायला उठले. पण ते तिला ओलांडून बाररूमच्या दारात गेले आणि रिकाम्या व्हरांड्याकडे तोंड करून उभे राहिले. पाठ ताठ केली. शिपाई करतो तशी मान वर केली.

“केतकी हुपरीकर, हाजिर हो!”

एवढा आवाज त्या देहात असेल असं मला वाटलं नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाला कड्या लावणारा शिपाई वळून बघू लागला.

ती त्यांच्यामागे तीन हातांवर उभी होती.

ते थांबले…

“केतकी हुपरीकर, हाजिर हो!”

ती उभीच. डोळे जमिनीकडे. बॅगचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला होता. ओ दे, ओ दे, असं मी मनात म्हणत होतो. माझ्याच नावाचा पुकारा होत असल्यासारखं मला वाटत होतं.

मी तिसऱ्या पुकाऱ्याची वाट पाहत राहिलो.

मुजावर वळले. काठी टेकत सावकाश तिच्याजवळ आले. तिच्या कोपराखाली हात घातला, सकाळी त्या म्हाताऱ्याच्या घातला होता तसाच. ती चालू लागली. काहीच ऐकू न आलेल्या माणसासारखी, नुसती हाताच्या आधाराने. त्यांनी तिला टेबलापलीकडे नेलं आणि स्वतःच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर बसवलं. तिच्या खांद्यावरची बॅग काढून टेबलावर ठेवली.

मग ते माझ्याकडे बघत म्हणाले,

“मास्तर, हजर आहे. लिहून घ्या.”