दिगंबरचे अकरा स्कोप

“...आणि शंभर मेगाहर्ट्झवाला घेतला, पण वर्षभरात त्याचा पडदाच गेला तर? मग काय करायचं, चाचा?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मिरजेच्या बाजारामागच्या बोळात त्यांचं दुरुस्तीचं दुकान. ते एका अँप्लिफायरवर वाकून सोल्डर लावत होते.

याच दुकानात दिगंबर कुंभोजकर दोन वर्षं दर रविवारी त्यांच्या शेजारी बसून काम शिकला होता. आता तो कुपवाडच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचा. लग्न झालं होतं, चार महिन्यांची मुलगी होती. आणि गेले दोन महिने त्याला धड झोप नव्हती.

त्याला ऑसिलोस्कोप घ्यायचा होता. विजेची लहर पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. आयुष्यातला पहिला.

“किती बघितलेस?” चाचांनी विचारलं.

“अकरा.” त्याने मांडीवरची फाइल उघडली. आत हाताने आखलेला मोठा तक्ता होता. वेग, पडदा, वजन, कोण काय म्हणतं, सगळं. असा तक्ता सांगली-मिरजेत दुसऱ्या कुणी केला नसेल, असं त्याला मनातून वाटत होतं. “एकजण म्हणतो, जुनाच घे, दणकट असतो. दुसरा म्हणतो, जुन्याला सुटे भाग मिळत नाहीत. हा चांगला, पण याचा पंखा फार आवाज करतो. हा स्वस्त, पण लोक हसतात. चाचा, बोनस आलाय म्हणून घेतोय. एकदा चुकलं की पुन्हा घेणं होणार नाही...”

“कशाला पाहिजे?”

दिगंबर थांबला. हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

“रेवतीसाठी,” तो म्हणाला.

रेवतीला, त्याच्या बायकोला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. म्हणून जुई झाल्यावर त्याने घरीच एक डबा बनवला होता. पाळण्याजवळ माइक, स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिवा. जुई रडली की दिवा लागायचा.

म्हणजे, लागायला हवा होता. कधी लागायचा, कधी नाही.

एका रात्री तो पाळीवरून घरी आला, तर रडून रडून जुईचा घसा बसलेला. आणि आत रेवती कणीक मळत होती. दिव्याकडे बघत बघत मळत होती. दिवा बंद.

त्या दिवसापासून रेवती एकाच हाताने कामं करायची. दुसरा हात जुईच्या पोटावर. झोपेतसुद्धा.

“आत काय बिघडलंय ते दिसल्याशिवाय कळणार कसं?” दिगंबर म्हणाला. “म्हणून स्कोप.”

चाचांनी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं.

“पोरीचं रडणं किती मेगाहर्ट्झचं?”

“मेगा नाही, चाचा. चार-पाचशे... साधे हर्ट्झ. फार तर काही हजार.”

“आणि तुला शंभर मेगा पाहिजे. म्हणजे दहा कोटी हर्ट्झ.”

“पुढे कधी लागलं तर?”

चाचांनी फडक्याला हात पुसले.

“डबा कुठाय?” त्यांनी विचारलं.

“कुठला डबा?”

“बिघडलेला.”

डबा घरी होता. दिगंबर फाइल घेऊन आला होता.

चाचांनी चहाचा कप उचलला आणि त्या तक्त्यावर ठेवला. “जा. घेऊन ये.”

तो सायकल हाणत घरी गेला. डबा, माइक, दिवा, तारा, सगळं पिशवीत भरलं. रेवतीने हातानेच विचारलं, कुठे? त्याने सांगितलं. तिने जुईला दुपट्यात गुंडाळलं आणि चपला घातल्या. डब्यावाचून ती घरी थांबेना.

रिक्षाने दुकानाकडे येताना दिगंबर पिशवीतल्या तारा चाचपत राहिला. आपलीच जोडणी चुकली असली तर? रेवतीच्या देखत?

चाचांनी कोपऱ्यातल्या त्यांच्या स्कोपवरचं फडकं काढलं. दिगंबरच्या वयाहून जुना. सगळी जोडणी घरच्यासारखीच करून त्यांनी स्कोपचा चिमटा माइकच्या तारेला लावला.

“काय दिसायला पाहिजे?”

“कोणी आवाज केला नाही तर... सरळ रेघ.”

सगळे गप्प राहिले. जुई आईच्या खांद्यावर झोपली होती.

पडद्यावरची हिरवी रेघ सरळ नव्हती. जाडजूड, थरथरती, वर-खाली हलत होती.

“मग हे कोण रडतंय?” चाचांनी विचारलं.

दिगंबर वाकून बघत राहिला. लहर संथ, एकसारखी होती. घरातल्या विजेची गुणगुण. ती माइकच्या तारेत कशी आली? त्याने तारेवरून बोट फिरवलं... आणि बोट थांबलं.

माइकची तार आणि दिव्याची तार त्याने एकत्र आवळली होती. पांढऱ्या पट्ट्यांनी, वीत-वीत अंतरावर.

“कोणी बांधलं?”

“मीच. घरात लोंबकळत दिसू नये म्हणून.” त्याने डब्यावरच्या, माइकचा जोर कमी-जास्त करणाऱ्या बटणाकडे पाहिलं. “या गुणगुणीने दिवा उगाच लागायचा. म्हणून मीच माइक बहिरा करत नेला, चाचा. इतका, की जुईचं रडणंही...”

रेवती त्याच्या ओठांकडे बघत होती.

चाचांनी कात्री पुढे केली. दिगंबरने एकेक पट्टी कापली आणि तारा दूर केल्या. रेघ सरळ झाली. मग त्याने डब्यावरचं बटण पुन्हा पहिल्या जागी फिरवलं.

“या कामाला तर तक्त्यातला सगळ्यात शेवटचाही पुरेल,” तो पुटपुटला.

“त्याच्यावर तू काट मारलीस.”

“हातात मावेल एवढाच आहे. लोक खेळणं म्हणतात त्याला.”

“रडणं दिसेल त्यात?”

“दिसेल.”

दिगंबरने कपाखालून तक्ता ओढला आणि शेवटच्या नावावरची काट खोडली. तरी त्याने तारा पुन्हा एकदा तपासल्या. एवढाच दोष होता? अजून काही असलं तर?

तेवढ्यात जुई जागी झाली आणि तिने टाहो फोडला.

दिवा लागला.

हिरवी रेघ उसळून पडद्याच्या कडेपर्यंत गेली. रेवतीने दिव्याकडे पाहिलं, जुईकडे पाहिलं, मग पडद्याकडे. ती एक पाऊल पुढे आली. जुई श्वास घ्यायला थांबली, रेघ निजली. पुन्हा रडली, पुन्हा उसळली, कडा काटेरी, मध्ये एक बारीक कंप. रेवतीचं बोट काचेजवळ त्या कंपाबरोबर हलू लागलं.

दिगंबर ताडकन उठला. “लागला, चाचा! लागला! भूक लागली असेल तिला, बंद करा आता ते, निघतो आम्ही...”

चाचांनी हात वर केला.

“हळू बोल,” ते म्हणाले. “सूनबाई ऐकतायत.”