येसाजीचं उपरणं आणि गोंदाचा हात

बसा नीट, सांगतो. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या गावाचं नाव सांगणाराही आता कुणी उरला नाही. पण तिथं जनावरांचा मोठा बाजार भरायचा, एवढं मात्र खरं.

त्या बाजाराची एक रीत होती. भाव तोंडानं बोलायचा नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. उपरणं उचललं की सौदा पक्का. ज्या मालकाला उन्हात बसायचा कंटाळा, तो आपलं उपरणं दलालाच्या खांद्यावर टाकी. त्याचा काठ बघून लोक ओळखत की हा अमक्याचा माणूस. मग दलालाचा हात तोच मालकाचा हात.

येसाजी त्या मुलखातला मोठा जनावरवाला. जनावरं चांगली पाळायचा, पण बाजारात बसायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या. एका बाजाराला त्यानं आपलं तांबड्या काठाचं उपरणं गोंदा दलालाच्या खांद्यावर टाकलं आणि कानाशी लागून म्हणाला, "सगळं वीक, पण पाखऱ्याला हात लावू नकोस. तो घरचा."

पाखऱ्या म्हणजे त्याचा पांढराशुभ्र तरणा बैल. आता तुम्ही विचाराल, विकायचा नव्हता तर बाजारात आणलाच कशाला? अहो, मिरवायला! चार माणसांनी थांबून बघावं, वाहवा करावी, एवढ्यासाठी. आणि बांधला कुठं, तर विकायच्या जनावरांच्या रांगेत, सगळ्यात पुढं. मग स्वारी चिंचेखाली जाऊन गप्पा ठोकत बसली.

तेवढ्यात पारू तेलीण आली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घरातली चूल तेलाच्या घाण्यावर चालायची, आणि घाण्याच्या बैलाची मान जखमी होऊन त्याला जू सोसेनासं झालं होतं. घाणा बंद, म्हणजे चूल बंद. ती आपला बैल घेऊन आली होती आणि पायातले चांदीचे तोडे काढून पदरात बांधले होते. रांगेत पाखऱ्या दिसला आणि बाई तिथंच थांबली.

गोंदानं आधी नुसतीच नकाराची मान हलवली, कारण काही सांगितलं नाही. पण मग पारू म्हणाली, "दलालीचं म्हणून तुम्हाला वेगळं बुधलाभर तेल देईन." गोंदाला वाटलं, मालकाला चांगली किंमत मिळते, मला तेल मिळतं, कुणाचं काय बिघडलं? उपरण्याखाली बोटं दाबली गेली. उपरणं उचललं गेलं. पारूनं तोडे दिले, बैल दिला. पाठीवर ओझं वाहायला चालेल म्हणून तो बैल गोंदानं लगेच वंजाऱ्यांच्या तांड्याला विकला, आणि तांडा निघूनही गेला.

पारू पाखऱ्याला घेऊन बाजाराच्या तोंडापर्यंत पोचली, तोच येसाजी धावत आला आणि त्यानं कासरा धरला.

"सोड माझा बैल! हा विकायचा नव्हताच. मी गोंदाला बजावून सांगितलं होतं."

"त्याला सांगितलं असेल, दादा. मला कुठं सांगितलंत?" पारूनंही कासरा काही सोडला नाही. "माझा बैल गेला. आता रिकाम्या हातानं घरी जाऊ? घाण्याला मला जुंपू?"

"तुझे तोडे घे नि जा. तो शब्द गोंदाचा. माझा नव्हे!"

हे तो भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात बोलला. आणि इथंच घात झाला. गर्दीतून एक गडी लंगडत पुढं आला. त्याच्या मागं येसाजीची लाथाळ म्हैस.

"येसाजीबुवा, सकाळी ही म्हैस मी त्याच उपरण्याखाली घेतली. तो शब्द तुमचा नसेल तर घ्या बाबा परत. माझा गुडघा फोडलाय हिनं."

मागोमाग दुसरा आला, सकाळीच गोंदाकडून घेतलेली येसाजीची आटलेली गाय घेऊन. येसाजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या दिवसांनी टळलेली पीडा पुन्हा दारात!

"छे छे, ते सौदे माझेच," तो घाईघाईनं म्हणाला.

बाजाराचे म्हातारे शेटे, ज्यांचा निवाडा सगळे मानत, तिथंच उभे होते. त्यांनी विचारलं, "त्या सौद्यांना उपरण्याखाली हात कुणाचा होता?"

"गोंदाचा."

"आणि पाखऱ्याच्या?"

"त्याचाच," येसाजी पुटपुटला.

शेटे पारूकडं वळले. "खरं सांग बाई, हा बैल विकायचा नाही, हे तुझ्या कानावर आलं होतं का?"

"घाण्याची शप्पथ, नाही. गोंदाला दलालीचं म्हणून वेगळं बुधलाभर तेल कबूल केलं, तेवढंच."

"मग पाखऱ्या हिचा. येसाजी, गोड सौदा माझा नि कडू सौदा दलालाचा, असं चालत नाही. बैल रांगेत तू बांधलास, माणूस तू बसवलास. तुझं कानातलं बोलणं या बाईनं कसं ऐकावं?"

हे ऐकून गोंदा गालातल्या गालात हसला आणि हळूच काढता पाय घेऊ लागला. शेट्यांनी त्याला तिथंच थांबवलं.

"तू कुठं चाललास? बाईपुढं तू येसाजी होतास, पण येसाजीपुढं तू त्याचा माणूस होतास, आणि त्याचं ऐकलं नाहीस. ते तेल येसाजीच्या घरी पोचवायचं. आणि पाखऱ्याच्या तोडीचा बैल स्वतःच्या पदरचा आणून त्याच्या गोठ्यात बांधायचा. मिळेपर्यंत या बाजारात कुणी तुझ्या खांद्यावर उपरणं टाकणार नाही."

गोंदाचं हसू जागच्या जागी मावळलं.

येसाजीनं कासरा सोडला. बैल त्याच्याच मागं जायला वळला, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. त्यानं स्वतःच्या हातानं पाखऱ्याचं तोंड पारूच्या गावाकडं वळवलं आणि म्हणाला, "बाई, याला गूळ फार आवडतो. आणि घाण्याला जुंपताना चाबूक दाखवू नका. नुसती हाक मारली तरी हा चालतो."

बोध एवढाच: ज्याला आपल्या नावानं बोलायला बसवतो, त्याच्या शब्दाला आपणच बांधले जातो; त्याला कानात सांगितलेली अट जगाला ऐकू जात नाही.