जगात एकच मोटार

"परवाच्या दरबारात या मोटारीची जोडीदार माझ्यापुढे उभी कर, नाहीतर आमराई गेली!" राजे रणधीररावांनी गोजराला बजावलं, आणि आपण फार न्यायाचं बोललो अशा थाटात मिशीवरून हात फिरवला.

भानगड अशी झाली होती. हिरडगडच्या या राजांना मोटारींचं भारी वेड. पागेतले घोडे कधीच गेले होते, तिथे आता मोटारी बांधलेल्या असत. हे कानावर आल्यावर तिरोडकर नावाचे मुंबईचे व्यापारी एक जुनी, हिरवीगार, शर्यतीची मोटार घेऊन हजर झाले. बसायला जागा दोघांना, आवाज मात्र दोनशे माणसांचा. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, त्यामुळे खरंखोटं विचारायला कुठे जायची सोय नव्हती. "जगात अशी एकच, सरकार," एवढं तिरोडकर म्हणाले आणि राजांची तहानभूक हरपली. मोबदल्यात तिरोडकरांना पैसा नको होता, नदीकाठची आमराई हवी होती. झाडं पाडून तिथे लाकडाची वखार घालायची होती. राजे लगेच तयार झाले.

आमराईची राखण करायची गोजरा. तिचं पोट त्या झाडांवर होतं आणि अख्ख्या गावाच्या लोणच्याच्या बरण्याही. ती तडक दरबारात आली आणि विचारून बसली, की ही एकच आहे हे कशावरून? राजे दुखावले. हौसेला कुणी नख लावलं की राजे लोक दुखावतातच. म्हणून ही अट. जी वस्तू जगात नाही म्हणतात, ती या बाईने आणायची कुठून?  पण गोजराने मान डोलावली आणि एवढंच मागितलं, की त्या दिवशी मोटार दरबारापुढे उभी असावी आणि राजांचा ड्रायव्हर हसन पाने-पेचकस घेऊन शेजारी असावा.

ठरल्या दिवशी गोजरा खांद्यावर घोंगडी टाकून आली. बरोबर मोटार नव्हती, की मोटारीचं चाकही नव्हतं. दरबारी गालातल्या गालात हसले. गोजराने तिरोडकरांना हात जोडून विनंती केली, की मोटारीची थोरवी एकदा सगळ्यांना सांगा. तिरोडकरांना तेच हवं होतं. ते सुरू झाले. कंपनीने अशा मोटारी काढल्या तीसच. त्यांत हिरव्या फक्त सात. त्या सातांत लाल कातड्याची बैठक तिघींनाच. आणि त्या तिघींत नागाच्या तोंडाचा पितळी भोंगा असलेली एकटी हीच!

गोजराने हसनला खूण केली. त्याने दोन पेच फिरवले आणि भोंगा काढून हातात घेतला.

"सायेब, आता अशा किती?"

"तीन," तिरोडकर सवयीने बोलून गेले.

गोजराने खांद्यावरची घोंगडी लाल बैठकीवर पसरली. "आन आता?"

तिरोडकरांनी जीभ चावली. पण राजांना हिशेबाची गंमत वाटू लागली होती. तेच ओरडले, "सात!"

"सरकार, तुमी एक जोडीदार मागितली, मी सहा दिल्या. रंग तेवढा ऱ्हाऊ द्या. तो खरवडला तर तीस व्हतील, आन पागेत जागा न्हाई."

दरबारात खसखस पिकली. पण तिरोडकर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, भोंग्यासकट तर ही एकच आहे ना? मी खोटं काय बोललो? राजांचा हट्टही एवढ्याने सुटणारा नव्हता. त्यांनी तिरोडकरांना होकार दिला आणि हसनला भोंगा परत बसवायला फर्मावलं.

गोजराने लगेच मान्य केलं. साहेब खोटं बोललेच नाहीत, ती म्हणाली. तर मग व्यवहारही तसाच चोख व्हावा, एकाला एक. आमराईतलं एकेक झाड रायवळ आहे, कोयीतून उगवलेलं. एकाचा आंबा दुसऱ्यासारखा नाही, म्हणून तर गावाने प्रत्येक झाडाला नाव ठेवलं आहे. खोबऱ्या निराळा, शेप्या निराळा.

"नकट्या आंब्याचं झाड तर सगळ्या मुलखात एकच हाय, त्ये बी भोंगा न लावता. एका मोटारीला एक झाड. नकट्या घेऊन जावा, सायेब."

नकट्याच्या झाडाला कावळाही शिवत नसे, इतका तो आंबट. तिरोडकरांचा पारा चढला.

"एका झाडाला माझी मोटार? अहो बाई, झाड ते झाड! ते लाकूड बघून घेतात, नाव ऐकून नाही."

"मंग मोटार ती मोटारच की, सायेब. ती बी पळती कशी त्ये बघून घ्यावी, नाव ऐकून कशाला?"

 मग राजे असे हसले की फेटा कानावर आला. हसता हसता त्यांनी हसनच्या हातातला, अजून न बसवलेला भोंगा काढून घेतला आणि तिरोडकरांना म्हणाले, "या सगळ्यात जगात एकच असलेली वस्तू म्हणजे हा भोंगा. तेवढा आम्ही घेतो. मोटार तुम्ही घेऊन जा. भोंग्याचा मोबदला म्हणून नकट्या आंब्यांची एक पाटी मोटारीत तुमच्या शेजारी ठेवू!"

 बिनभोंग्याची मोटार घेऊन तिरोडकर निघाले, आणि बाजारातून जाताना "बाजूला व्हा, बाजूला व्हा" असं त्यांना स्वतःच ओरडावं लागलं. आमराई राजांनी त्याच दरबारात गोजराला इनाम करून दिली. वर वानरं हाकायला भोंगाही तिलाच दिला.